मामा, भाचा आणि लायसन्स

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन बातम्या सगळ्यात जलद पसरतात. एक, मेसमध्ये आज पनीर आहे. आणि दुसरी, चौकात मामा उभा आहे. पहिली ऐकून पब्लिक धावत सुटतं, दुसरी ऐकून मागच्या गल्लीतून वळतं. वाहतूक पोलिसाला आपण मामा म्हणतो खरं, पण आजोळी जाताना होणारा आनंद काही मामाच्या चौकात जाताना होत नाही.

या विषयावर हॉस्टेलमध्ये तज्ज्ञांची कमतरता नाही. मेसच्या टेबलावर ऐकलेली काही मतं देतो. ‘हवालदाराला लायसन्स मागायचा अधिकारच नाही, पीएसआय लागतो.’ ‘लायसन्सचा मोबाईलमधला फोटो चालतो.’ ‘मामाने चावी काढली की आपणच त्याच्यावर केस टाकायची.’ ‘शंभर दे आणि सुट.’ ‘माझ्या काकांचं नाव सांग, ते डिपार्टमेंटमध्ये आहेत.’ प्रत्येक तज्ज्ञ इतक्या आत्मविश्वासाने बोलतो की व्हायव्हात त्यातला निम्मा जरी दाखवला असता तरी त्याची एकही केटी राहिली नसती.

शेवटी एका सुट्टीत मी मोटार वाहन कायदा, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ घेऊन बसलो आणि यातलं खरं किती, खोटं किती ते तपासलं. जे हाती लागलं ते इथे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चौकातली बहुतेक भांडणं कायद्यावरून होत नाहीत, बोलण्यावरून होतात. कायद्याने दोघांनाही मोजके अधिकार दिलेत आणि दोघांवरही बंधनं घातलीत. ती माहीत असली तर पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत संपतं. आणि पोलिसाचं चुकलं असं वाटलं तरी त्याचा निकाल चौकात लागत नाही. त्यासाठी कागद आहे, पोर्टल आहे, कोर्ट आहे.

हात दाखवला तर थांबायचंच का?

थांबायचंच. कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियमनाच्या कामावर असलेल्या पोलिसाने दिलेली सूचना पाळणं चालकावर बंधनकारक आहे. कलम १३० म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर लायसन्स तपासणीसाठी दाखवावं. ‘कोणत्याही’ या शब्दात चौकातला शिपाईही आला. मग पीएसआयची गोष्ट कुठून आली? तर ती कलम १३२ मधून. अपघातात सापडलेली गाडी थांबवून ठेवायला सांगण्याबद्दलचं ते कलम आहे आणि त्यात उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला गणवेशातला अधिकारी असा उल्लेख आहे. आपल्या तज्ज्ञांनी दोन कलमांची खिचडी केली, एवढंच.

सूचना न पाळणं, माहिती द्यायला नकार देणं किंवा कामात अडथळा आणणं यासाठी कलम १७९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातला दंड ५०० रुपयांवरून २००० रुपयांपर्यंत गेला. पण दंडापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. मामा दिसल्यावर जो ऐन वेळी यू-टर्न मारून उलट्या दिशेने सुटतो, तो दंड वाचवताना समोरून येणाऱ्या ट्रकला विसरतो. हेल्मेट नाही म्हणून पळायचं आणि नेमकं हेल्मेट नसलेलं डोकं घेऊन आपटायचं, यात कोणती हुशारी आहे?

कागद कोणते आणि कशात?

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. चारच कागद आहेत. आता ते मूळ स्वरूपातच लागतात असं नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना कळवलं की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अॅपमध्ये असलेली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम १३९ मध्येच ‘प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ असे शब्द घातले गेले. १ ऑक्टोबर २०२० पासून आणखी एक सुधारणा लागू झाली : कागद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तपासून बरोबर निघाला, तर तोच कागद पुन्हा छापील स्वरूपात मागायचा नाही.

इथे एक बारकावा आहे आणि निम्मी पोरं तिथेच अडकतात. डिजिलॉकरमधलं लायसन्स वेगळं आणि गॅलरीतला लायसन्सचा फोटो वेगळा. पहिल्याची पडताळणी सरकारी नोंदीवरून होते. दुसरा नुसता फोटो, त्याला झेरॉक्सइतकीच किंमत. त्यामुळे आज रात्री डिजिलॉकर उघडा, लायसन्स आणि आरसी खरोखर जोडली गेलीयत का ते बघा. चौकात उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात काही मजा नाही, आणि तेव्हाच नेमकी बॅटरी दोन टक्क्यांवर आलेली असते.

आणि कागद खरंच जवळ नसतील तर? लायसन्स नसणं आणि लायसन्स खोलीवर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १३० मध्येच अशी सोय आहे की कागद त्या वेळी जवळ नसतील तर ठरवून दिलेल्या मुदतीत सादर करता येतात. नियम १३९ मध्ये त्यासाठी १५ दिवस दिलेत. तेव्हा ‘साहेब, लायसन्स आहे, आत्ता जवळ नाही, मुदतीत दाखवतो’ असं सांगता येतं. पण मुळात लायसन्सच काढलेलं नसेल तर मात्र गंमत नाही. त्यासाठी कलम १८१ प्रमाणे ५००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि कलम २०७ खाली गाडीही अडकवून ठेवता येते.

लर्निंगवाल्यांसाठी एक सूचना. लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी फिरवता येत नाही. पुढेमागे ‘एल’ लावायचा आणि बरोबर पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा. दुचाकीवर मागे बसवायचाच तर तोच बसवायचा. रूम पार्टनरला स्टेशनवर सोडणं यात बसत नाही.

मामांच्या मर्यादा

आता पोलिसांकडे वळू. कारण अधिकार जसा लिहिलेला आहे तशी त्याची हद्दही लिहिलेली आहे.

पहिली गोष्ट, गणवेश. लायसन्स मागायचा अधिकार कायद्याने गणवेशातल्या पोलिसाला दिलाय. साध्या कपड्यातल्या माणसाने गाडी अडवली तर ओळखपत्र मागण्यात काहीच गैर नाही, फक्त मागण्याची पद्धत बरी हवी. गणवेशावर नावाची पट्टी असते, ती वाचून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर नाव, ठिकाण आणि वेळ या तीन गोष्टींशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

दुसरी, चावी. चालत्या गाडीची चावी हात घालून काढणं हा रस्त्यावरच्या भांडणांचा सगळ्यात जुना विषय. मोटार वाहन कायद्यात चावी काढून घेण्याचा अधिकार देणारं कलम नाही. लायसन्स नसणं, नोंदणी नसणं अशा ठराविक कारणांसाठी कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते, पण ती रीतसर कारवाई आहे. म्हणून चावी काढली तर ‘साहेब, चावी राहू द्या, मी गाडी बंद केलीय आणि कुठेही जात नाही’ असं म्हणावं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे बाजूला घेतल्याबरोबर आपणच इंजिन बंद करावं. चावी काढायचं कारणच उरत नाही.

तिसरी, लायसन्स जप्त करणं. कलम २०६ खाली काही परिस्थितीत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊ शकतात. २०१९ पासून यात हेल्मेट, ट्रिपल सीट, धोकादायक ड्रायव्हिंग अशा गुन्ह्यांची भर पडलीय. पण लायसन्स घेतलं तर त्याची पोच मिळायला हवी. नुसतं खिशात टाकून ‘उद्या चौकीवर ये’ ही पद्धत कायद्यात नाही. पोच मागा, शांतपणे मागा.

चौथी, मोबाईल. डिजिलॉकर दाखवणं म्हणजे मोबाईल हातात देणं नव्हे. या कायद्यात तुमच्या फोनमधले मेसेज किंवा फोटो बघण्याचा अधिकार वाहतूक पोलिसाला दिलेला नाही. स्क्रीन समोर धरा, पुरे. उलट बाजूने, जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने आदेश काढला की ई-चलनासाठी पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढू नयेत, सरकारी ई-चलन यंत्रच वापरावं.

पाचवी, शिवी आणि हात. ‘ए हिरो, उतर खाली’ हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. कानाखाली मारणं, कॉलर धरणं हे कोणत्याही कलमाखाली बसत नाही. विद्यार्थी नियम मोडणारा असला तरी त्याची शिक्षा पावतीवर छापलेली असते, तळहातावर नाही.

आणि सहावी गोष्ट, जी वाचून मलाच सुखद धक्का बसला. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०-ब आलं. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याला त्या गुन्ह्याच्या दुप्पट दंड आहे. म्हणजे विना हेल्मेट मामाला भाच्यापेक्षा दुप्पट!

भाच्याच्या मर्यादा

एवढं वाचून कोणी कायद्याचं पुस्तक घेऊन चौकात वाद घालायला निघाला असेल तर त्याने पुढचा भाग आधी वाचावा.

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारच्या एका पेट्रोल पंपाजवळ विलास शिंदे नावाच्या वाहतूक पोलीस हवालदाराने एका अल्पवयीन मुलाला दुचाकीसह थांबवलं आणि कागदपत्रं मागितली. मुलाने भावाला बोलावून घेतलं. डोक्यात घाव बसलेले शिंदे काही दिवसांनी, ३१ ऑगस्टला, हॉस्पिटलमध्ये वारले. एका लायसन्सच्या चौकशीपायी एका घरातला कर्ता माणूस गेला आणि दोन पोरांच्या आयुष्याची माती झाली. रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या मनात आपल्याबद्दल संशय का असतो, हे मला ही बातमी आठवली की कळतं. समोरून येणारा बाईकवाला सबमिशनची फाईल घेऊन चाललाय की आणखी काही घेऊन, हे त्याला हेल्मेटच्या काचेतून दिसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर करणं हा तिच्या कलम १३२ खालचा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (जुनी मंडळी याला अजून ‘३५३’ म्हणतात.) नुसता अडथळा आणला तर कलम २२१. धक्का ‘हलकाच’ होता की जोराचा, हे नंतर कोर्टात ठरतं. पण गुन्हा त्याच रात्री नोंदवला जातो. पासपोर्टच्या पडताळणीत, सरकारी नोकरीच्या चारित्र्य तपासणीत प्रलंबित गुन्ह्याबद्दल विचारलं जातं. पाचशे रुपयांच्या पावतीवरून कॅम्पस प्लेसमेंटनंतरची जॉइनिंग लटकवायची का, याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

काकांचं नाव सांगण्याबद्दलही बोलू. दहातले नऊ जण ओळख सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचे कान किटलेले असतात. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमासाठी आपल्याकडे आलेल्या एका हवालदारांशी बोललो, तेव्हा त्यांनी सांगितलेलं लक्षात राहिलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ओळख सांगणारा मुलगा सोडला तर शेजारी उभ्या असलेल्या, ओळख नसलेल्या मुलाची पावती कोणत्या तोंडाने फाडायची, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न असतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.

पहिलं अर्धं मिनिट

कंट्रोल सिस्टीम्स शिकलेल्यांना पॉझिटिव्ह फीडबॅक माहीत आहे. याचा आवाज चढला की त्याचा चढतो, त्याचा चढला की याचा आणखी चढतो, आणि सिस्टीम अनस्टेबल होते. चौकात नेमकं हेच होतं. त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचं ते ठरलेलं असावं.

इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे, रहदारीच्या बाहेर घ्या. इंजिन बंद. हेल्मेटची काच वर करा किंवा हेल्मेट काढा, चेहरा दिसू दे. रात्र असेल तर उजेडात थांबा. खिशात हात घालण्याआधी ‘लायसन्स काढतो’ असं म्हणा. तोंडावर ‘मामा’ म्हणू नका. तो आपला आपसातला शब्द आहे. ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हटल्याने कोणाचं काही कमी होत नाही.

संवाद साधारण असा :

‘गाडी बाजूला घे. लायसन्स दाखव.’

‘हो साहेब. डिजिलॉकरमध्ये आहे, दाखवतो. कशासाठी थांबवलंत ते सांगाल का?’

‘सिग्नल तोडला. मागे रेड होता.’

‘मला पिवळा दिसला साहेब. पण तुम्ही चलन करत असाल तर रीतसर करा, मी नंतर पोर्टलवर बघतो.’

बघा, यात मुलाने चूक कबूल केलेली नाही, भांडण केलेलं नाही आणि सहकार्यही नाकारलेलं नाही. ‘कशासाठी थांबवलं’ हे विचारणं उद्धटपणा नाही. पोलिसानेही ते आपणहून सांगितलं तर निम्मा ताण तिथेच उतरतो. ट्रिपल सीटवाल्यांपैकी मागच्या दोघांना एकच विनंती : मधे बोलू नका. तिघं एकदम बोलायला लागले की एका पोलिसाला तो जमाव वाटतो.

व्हिडिओ काढावा का? रस्ता ही सार्वजनिक जागा आहे. २०२२ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाणं हेसुद्धा शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही असं म्हटलं. तेव्हा शूटिंग हा काही गुन्हा नाही. पण मोबाईल पोलिसाच्या नाकासमोर नाचवणं आणि शांतपणे रेकॉर्डिंग चालू ठेवणं यात फरक आहे. आणि त्याला गाणं लावून रात्री स्टेटसला टाकायचं असेल तर तो पुरावा राहत नाही, तमाशा होतो.

पैसे : पावती की चिरीमिरी?

सगळ्यात नाजूक भाग. ‘हजार भरतोस का दोनशे देतोस’ हे वाक्य ऐकलं नाही असा बाईकवाला विरळा. ऐकवणारा दोषी आहेच. पण ‘साहेब, बघा ना काहीतरी’ अशी सुरुवात कोण करतं, हे आपणही आठवावं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. आता लाच देणं हाही गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवलं तर देणारा त्यातून सुटतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

दंड किती, याबद्दलही घोटाळा आहे. फॉरवर्ड होणाऱ्या यादीत विना हेल्मेट १००० रुपये असतात आणि यंत्रावर ५०० येतात, मग पोरं म्हणतात मामा गंडवतोय. तसं नाही. केंद्राच्या कायद्यात कलम १९४-ड खाली १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. पण गुन्हा कोर्टात न जाता जागेवर मिटवायचा असेल तर कलम २०० खाली तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, त्यात हेल्मेटचे ५०० रुपये ठेवले. दर पुढेही बदलू शकतात, त्यामुळे फॉरवर्डवर विसंबू नका, चलनावर काय छापलंय ते वाचा.

ई-चलनाचा फायदा हा की जागेवर रोख पैसे काढायची गरज नाही. चलन मोबाईलवर येतं, नंतर ऑनलाईन भरता येतं. ‘तडजोड’ या शब्दाचा अर्थही लक्षात घ्या. ती दोन्ही बाजूंनी मान्य करायची गोष्ट आहे. तुम्हाला गुन्हाच मान्य नसेल तर शुल्क न भरता कोर्टापुढे बाजू मांडता येते.

चलन चुकीचं असेल तर

हे होतं. गाडी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आणि चलन तिसऱ्याच जिल्ह्यातलं. कधी एक आकडा चुकीचा टाइप होतो, कधी कोणी तसलाच नंबर लावून फिरत असतो. अशा वेळी राज्याच्या ई-चलन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. चलनावरचा फोटो उघडा, गाडीचा रंग, मॉडेल, नंबर नीट जुळवा. आपल्या गाडीचा फोटो जोडून तक्रार करा आणि मुदत चुकवू नका. फोटोच नसेल किंवा त्यात नंबर दिसत नसेल तर तेही लिहा.

नंबरवरून आठवलं. ४१४१ चं ‘दादा’ आणि ८०५५ चं ‘बॉस’ करणाऱ्या कलाकारांनी नियम ५० आणि ५१ वाचावेत. अक्षरं रोमन, आकडे इंग्रजी, मापं ठरलेली. मातृभाषेवर प्रेम असावं, पण नंबर प्लेटवर मराठी आकडे नियमात बसत नाहीत.

आता हॉस्टेलचा खास प्रश्न : मागून नेलेली गाडी. ‘दहा मिनिटात येतो’ म्हणून चावी नेणारा मित्र सिग्नल तोडतो आणि चलन गाडीमालकाच्या वडिलांच्या मोबाईलवर सांगलीला जातं. गाडी कोण चालवत होता हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकलीय. त्याहून गंभीर म्हणजे फर्स्ट इयरचा अजून अठरा पूर्ण न झालेला मुलगा. त्याला गाडी दिली तर कलम १९९-अ लागतं : पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. विना लायसन्सवाल्याने कोणाला उडवलं तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. चावी देताना मैत्री आडवी येते हे मान्य, पण लायसन्स बघून चावी देणं म्हणजे अपमान नाही.

रात्रीची नाकाबंदी

३१ डिसेंबरलाच नाकाबंदी असते हा गैरसमज आहे. दारूची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कलम २०३ प्रमाणे दारूचा वाजवी संशय असेल तर गणवेशातला पोलीस फुंकायला सांगू शकतो. नकार दिला आणि संशय कायम असेल तर अटकही होऊ शकते. कलम १८५ चा हा गुन्हा चौकात तडजोडीने मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसांवरही बंधन आहे : या कलमाखाली अटक केल्यावर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही तर सोडावं लागतं. फुंकण्याची नळी नवी आहे का हे विचारायला हरकत नाही.

मुलींसाठी एवढंच. रात्री थांबवलं तर उजेडात, लोक असतील अशा जागी गाडी घ्या. अंगझडतीची वेळ आलीच तर ती महिलेनेच घ्यायची असते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महिलेला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तीही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. कुठेही धोका वाटला तर ११२ लावा.

हे सगळं कशासाठी?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले, आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्या कॉलेजात चारही वर्षांची मिळून किती पोरं आहेत ते मोजा आणि या आकड्याशी भागाकार करून पाहा.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कारवाई जोरात सुरू झाली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. दंडाचा जाच होतो, ऊन असतं, केस जातात ही कारणं मीही ऐकलीत. पोलीस मोक्याच्या चौकात न थांबता वळणाआड का उभे राहतात, सिग्नल बंद असताना पावत्या का फाडत बसतात, हे प्रश्नही रास्त आहेत आणि ते विचारले पाहिजेत. वाहतूक शाखेकडे लेखी विचारता येतात, माहिती अधिकारात विचारता येतात. पण हेल्मेट न घालणं हे त्यांचं उत्तर नाही.

जाता जाता चार कामं, आज रात्रीच उरकण्यासारखी. डिजिलॉकरमध्ये लायसन्स आणि आरसी जोडा. विमा आणि पीयूसीची तारीख बघा. ई-चलन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून जुनं काही थकलंय का ते पाहा. ११२ आणि १०६४ मोबाईलमध्ये सेव्ह करा. दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ जण बाईकवरूनच गावी निघतील आणि वाटेत कुठे ना कुठे कोणीतरी हात दाखवेलच. तेव्हा डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, आणि विचारा, ‘काय झालं साहेब?’